तिसऱ्या सीझनचा तिसरा भाग

प्रिय दोस्ता,

तू लंडनवरून पाठवलेली 'द क्राउन'च्या, म्हणजे त्या इंग्लंडच्या राणी एलिझाबेथवरच्या सिरीयलीच्या, तिसऱ्या सीझनची डीव्हीडी भेटली. कापूस वेचणी सुरू होती म्हणून लिहायले उशीर झाला, आन् दुसरं म्हणजे ती लॅपटॉपमधी चालेचना, डीव्हीडीले देशाप्रमाणं रीजन नंबर रायते, तिकडची डिस्क रीजन २ ची आन् आपला देश रीजन ५, लॅपटॉप रीजन बदलू देते पण पाचच वेळा, म्हणून मी हातच नाई लावला. शेवटी बाबांचा जुना प्लेअर माळ्यावरून काढला, त्याले कोणत्याच देशाची डिस्क वर्ज्य नाही, लावली की चालू.

तू म्हणत होता नेटवर पाह्यून घे, पण संध्याकाळी गावात रेंज कशी रायते तुले माहीत हाय. आन् खरं सांगू का, डिस्कच बरी. माय-बाबांले इंग्रजी येत नाही, मराठी डबिंग तर नाहीच, मंग मी दर दोन मिनिटांनी पॉज करून सांगत गेलो कोण काय बोललं ते. पहिल्या दोन भागांत माय पेंगत होती. तिसऱ्या भागात कोणी हललं नाही.

तो ॲबरफॅनचा भाग. वेल्समधलं कोळसा खाणीचं गाव. २१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार, दुसऱ्या दिवसापासून पोरांले सुटी लागणार होती. सकाळी सव्वानऊच्या सुमारास डोंगरावरचा खाणीच्या गाळमातीचा सात नंबरचा ढिगारा सुटला आन् सरळ शाळेवर आला. ११६ पोरं गेली, २८ मोठी माणसं. झऱ्यावरच रचला होता तो ढिगारा, वरून पाऊस. आन् १९६३ मधीच तिथल्या कौन्सिलनं पत्रं लिहिली होती की शाळेच्या मागं हा गाळ टाकता, धोका हाय. चौकशीत सरकारी कोळसा मंडळच दोषी ठरलं, तरी उरलेले ढिगारे हटवायले लोकांनी पोरांच्या नावानं पाठवलेल्या मदतनिधीतून दीड लाख पौंड घेतले. ते परत भेटले १९९७ मधी. हे मी नंतर वाचलं, आन् रात्रभर झोप नाही आली गड्या.

राणी तिथं आठ दिवसांनी गेली. ऑलिव्हिया कोलमननं ते काय केलं हाय बाप्पा! सिरीयलीतली राणी पंतप्रधानाले सांगते का मले रडूच आलं नाही, मी कोरडेच डोळे पुसले. खरी राणी रडली होती असं तिथले लोक म्हणतात, म्हणजे हे लिहिणाऱ्याचं हाय. पण मायले ते पटलं. ती म्हणे, "मोठ्या घरच्या बाईले रडाची पण मोकळीक नसते." बाबा काहीच बोलले नाहीत, त्यायनं मले तो ढिगारा घसरते तेवढाच तुकडा पुन्हा लावायले सांगितला. तीनदा पाह्यला. मंग उठून अंगणात जाऊन बसले.

तुले कळलंच असन काहून. आपल्या शाळेच्या मागचा ओबीचा ढिगारा आठव, खाणीतली माती टाकून टाकून झालेला डोंगर. आपण त्याच्यावर चढून पतंग उडवायचो. तू गेला तेव्हापेक्षा आता लय वाढला हाय, पावसाळ्यात त्याच्या अंगावर घळी पडतात आन् खाली नाल्यात काळं पाणी येते. पोरं अजून तिथंच खेळतात. ॲबरफॅनसारखं इथं होईनच असं मी म्हणत नाही, तो ढिगारा डोंगरावर होता, आपला सपाटीवर हाय. पण खालून पाणी कुठून जाते हे कोणी तपासलं का? मी विचारलं तर उत्तर नाही.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत अर्ज ठेवणार हाय. बाबा पहिली सही करणार. मसुदा सोबत जोडला, त्यातली कायद्याची भाषा तू जरा पाह्यून दे, तुले ते जमते. आन् वेल्सले कधी गेला तर ॲबरफॅनच्या स्मशानात जाऊन ये, तिथं पोरांच्या कबरींवर पांढऱ्या कमानी हायत म्हणतात. माय म्हणे, माह्या नावानं दोन फुलं वाहा म्हणा.

तुझाच