आपल्या समुपदेशन केंद्राच्या सहाय्य निधीसाठी आवाहन

प्रिय बंधुभगिनींनो,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

आपल्या मंडळीच्या समुपदेशन केंद्राच्या सहाय्य निधीत आता जेमतेम वर्षअखेरीपर्यंत पुरेल एवढी शिल्लक आहे. मागच्या बैठकीत खजिनदारांनी वही पुढे ठेवली आणि सगळेच गप्प झाले. नाताळची गडबड एकदा सुरू झाली की अशी पत्रे बाजूला पडतात, म्हणून आताच लिहिते आहे. पत्र जरा लांबले आहे, पण कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

निधी कशासाठी, हे बहुतेकांना ठाऊक आहे. नव्याने आलेल्यांसाठी सांगते. ज्यांना सत्राची फी झेपत नाही त्यांची फी यातून भरली जाते. शिवाय आपल्या दोन्ही समुपदेशकांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या ज्येष्ठ मानसशास्त्रज्ञ बाईंचे मानधनही यातूनच जाते. हा दुसरा खर्च काहींना अनाठायी वाटतो. तसा तो मुळीच नाही. समुपदेशक कितीही शिकलेला असो, समोरच्याचे ऐकताना आपलेच जुने दुःख मध्ये येते आहे का, ऐकायचे सोडून आपण उपदेश करू लागलो आहोत का, हे त्याचे त्याला दिसत नाही. बाई महिन्यातून दोनदा बसून कोणाचेही नाव न घेता एकेक केस त्यांच्याबरोबर तपासतात, म्हणून हे काम आपण छातीठोकपणे व्यावसायिक म्हणू शकतो. ते थांबले तर उरेल फक्त सदिच्छा, आणि नुसत्या सदिच्छेने आजारी माणसाचे नुकसानही होते.

केंद्र कोणाच्या जिवावर उभे राहिले, ते लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आपल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी (नाव छापलेले त्यांना चालणार नाही, पण सगळ्यांना कळेलच) संडे स्कूलमागची खोली मिळेपर्यंत आपल्या घराची पुढची खोली दिली. सत्र चालू असले की त्या स्वतः मागच्या दाराने ये-जा करायच्या. आत कोण बसले आहे ते आपल्यालाही कळू नये, एवढी त्यांची काळजी. महिला मंडळाने भरतकामाच्या विक्रीचे सगळे पैसे पहिल्या वर्षीच्या पर्यवेक्षणासाठी दिले आणि त्या वर्षीची आपली सहल रद्द केली; त्याबद्दल एकही बहीण कधी कुरकुरली नाही. आपल्या परिचारिका ताई रात्रपाळी करून येत आणि गोळ्या बंद केलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन त्यांना पुन्हा डॉक्टरांपर्यंत नेत. पाळकसाहेबांनी तर पहिल्या दिवसापासून स्पष्ट सांगितले, की केंद्रात कोण येते हे मला सांगू नका. इतका मोकळेपणा फार थोड्यांकडे असतो.

आणि ते कुटुंब. आपल्या तरुण मुलाच्या आठवणीत त्यांनी पहिली मोठी देणगी दिली. देताना आई व्यासपीठावर उभी राहिली आणि तो कसा गेला हे तिने न लपवता सांगितले. आपल्या देवळात आत्महत्येबद्दल इतके उघड कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत, वर्षानुवर्षे गप्प बसलेली माणसे केंद्राची पायरी चढली. आज जे काम दिसते आहे त्याची सुरुवात त्या माउलीच्या धैर्यातून झाली.

काम कसे चालते, तेही थोडे सांगते, कारण बाहेर गैरसमज बरेच आहेत. खोलीत दोन सारख्या खुर्च्या आहेत. घड्याळ येणाऱ्याच्या पाठीमागे टांगले आहे, म्हणजे तो रडत असताना समुपदेशकाला मनगटाकडे पाहावे लागत नाही. पहिल्या दिवशी भरायच्या फॉर्मवर एक प्रश्न आहे: सत्रात प्रार्थना किंवा शास्त्रवचन हवे आहे का? त्याखाली तीन चौकोन. हो, नको, आज नको. पुष्कळ जण तिसऱ्यावर खूण करतात. ज्याने ‘नको’वर केली त्याला प्रार्थनेसाठी कोणी आडून सुचवतसुद्धा नाही, आणि ज्याने ‘हो’वर केली त्याचीही प्रार्थना उपचाराच्या जागी होत नाही, उपचाराबरोबर होते. श्रद्धा लादायची नाही आणि श्रद्धा दाराबाहेर काढून ठेवायलाही सांगायचे नाही, हीच आपल्या केंद्राची रीत.

ही रीत आपण शोधलेली नाही. अँटन बॉयसेन हे पाळक १९२० साली स्वतः मनोविकाराने रुग्णालयात दाखल झाले होते. बरे झाल्यावर १९२५ पासून त्यांनी अमेरिकेतल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये बसवून शिकवायला सुरुवात केली. मिशनरी ई. स्टॅन्ली जोन्स भारतातल्या सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत मानसिक थकव्याने पार खचले होते. त्यांनीच १९५० साली लखनौला नूर मंझिल हे मानसोपचार केंद्र सुरू केले. तिथे वैद्यकशास्त्र आणि ख्रिस्ती श्रद्धा एकत्र नांदावीत, हा पहिल्यापासूनचा हेतू. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाचे मानसिक आरोग्य केंद्र १९५७चे. तिथे रुग्णाबरोबर घरच्यांनी राहायचे आणि उपचारात भाग घ्यायचा, ही पद्धत रुजली. कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरी या धर्मशास्त्राच्या विद्यालयाने १९६५ साली मानसशास्त्राची स्वतंत्र शाखाच काढली. आपले केंद्र लहान आहे, पण ते याच वाटेवरचे आहे, याचा मला अभिमान वाटतो.

दोन्ही गोष्टी जाणणारा माणूस का लागतो, ते सांगते. एखादा विश्वासू माणूस एकच पाप पुन्हा पुन्हा कबूल करतो, मनात नको तो विचार आला म्हणून प्रार्थना पहिल्यापासून सुरू करतो, आणि क्षमा मिळाल्याची खात्री त्याला काही केल्या होत नाही. आपण म्हणतो, किती भक्तिमान! खरे तर हा ओसीडीचा, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा आणणाऱ्या आणि त्याच त्याच कृती करायला लावणाऱ्या मनोविकाराचा प्रकार असू शकतो. अशा वेळी ‘अजून प्रार्थना कर’ म्हटले की आजार वाढतो. इथे शंकेसकट थांबायला, पुन्हा कबुली न द्यायला टप्प्याटप्प्याने शिकवावे लागते. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांना १५२२च्या सुमारास स्पेनमधल्या मान्रेसामध्ये याच शंकांनी इतके छळले, की जीव द्यावा असे त्यांच्या मनात येई. श्रद्धा न कळणारा समुपदेशक अशा माणसाला म्हणेल, धर्म सोडा. मानसशास्त्र न कळणारा बंधू म्हणेल, उपवास वाढवा. दोघांच्या मधे तो माणूस एकटा पडतो.

क्षमेचेही तसेच. मार खाऊन आलेल्या बहिणीला ‘क्षमा कर आणि घरी जा’ असे सांगणारे आपल्यातच आहेत. क्षमा आणि समेट या वेगळ्या गोष्टी आहेत, हे क्षमेवर आयुष्यभर संशोधन करणारे ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन सतत सांगत आले, आणि त्यांच्या स्वतःच्या आईचा खून झाला होता. मनातून क्षमा करायला वेळ लागतो. सुरक्षित जागी जायला मात्र वेळ लावायचा नसतो.

‘देवाने मला टाकले’, ‘ही माझ्या पापाची शिक्षा आहे’ हे विचार समुपदेशकाला ऐकता आले पाहिजेत, कारण ते शरीरालाही लागतात. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, असा आध्यात्मिक झगडा चाललेल्या वयस्क रुग्णांमध्ये पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचा धोका अधिक दिसला. आपल्या शोकगटात म्हणूनच बायबलमधले ८८वे स्तोत्र वाचतात. ते अंधारातच संपते. वाचल्यावर कोणी आशेचे दुसरे वचन घाईघाईने जोडत नाही. आधी बोलू देतात.

आता जरा दुखरे लिहिते. मागच्या वर्षीही आवाहन केले होते. दानाची पाकिटे बाकांवर ठेवली. बरीचशी तशीच परत आली, काही तर गोंदाची कडही न ओलावता. त्याच महिन्यात आवाराच्या भिंतीसाठी पैसे कमी पडले नाहीत. भिंत हवीच होती, तक्रार भिंतीबद्दल नाही. पण वार्षिक सभेत केंद्राचा अहवाल शेवटचा येतो आणि तोवर निम्मी माणसे निघून गेलेली असतात, हे मनाला लागते. ‘विश्वास असेल तर नैराश्य येतेच कसे’ असे वडीलधाऱ्यांकडून ऐकले की आणखी लागते. लंडनमधल्या प्रार्थनागृहात हजारोंना वचन सांगणाऱ्या चार्ल्स स्पर्जन यांनी स्वतःच्या नैराश्याबद्दल उघडपणे सांगितले होते. त्यांचा विश्वास कमी होता असे आपल्यापैकी कोण म्हणेल?

‘समुपदेशक आपल्याच मंडळीतला का घेतला नाही?’ असेही विचारले जाते. उत्तर सोपे आहे. ज्याच्याशी मनातले बोलायचे तोच रविवारी शेजारच्या बाकावर आणि सोमवारी कमिटीत समोर असला, तर कोणी मोकळे होत नाही. म्हणून दोघेही बाहेरचे घेतले, आणि दोघांचे प्रशिक्षण कार्यकारिणीने कागदपत्रांसह तपासले. जिवाला धोका असेल किंवा लहान मुलाला इजा होत असेल तेवढे सोडून, त्या खोलीतले बोलणे बाहेर जात नाही, पाळकसाहेबांकडेही नाही. आवाज ऐकू येतात म्हणणाऱ्याला, खाणे-झोप तुटलेल्याला मानसोपचारतज्ज्ञांकडेच पाठवतात. प्रार्थना झाली म्हणून मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत, हा केंद्राचा नियम आहे आणि पाळकसाहेब तो उपासनेतही सांगतात.

काय हवे ते एकत्रच सांगते: सहाय्य निधीला देणगी, लहान-मोठी कितीही, एकदम किंवा दरमहा (दरमहा असेल तर फार बरे, पुढच्या वर्षाचा अंदाज बांधता येतो), धनादेश केंद्राच्या नावे, रोख असेल तर फक्त खजिनदारांच्या हाती आणि पावती घेऊनच, कृपया पायरीवर किंवा माझ्या पर्समध्ये नको, नाव जाहीर नको असेल तर पावतीवर तसे लिहून घ्या, फॉर्म उपासनेनंतर कचेरीत मिळतील, आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारपर्यंत कळवले तर पर्यवेक्षक बाईंना पुढच्या वर्षाचे नक्की सांगता येईल, मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेल्यांनी वेळ द्यायचा असेल तर प्रमाणपत्रांसह भेटावे, मुलाखत होईल, वेळ आहे पण प्रशिक्षण नाही अशांनी वाईट वाटून घेऊ नये, येणाऱ्यांच्या मुलांना तासभर सांभाळायला माणसे हवीच आहेत, हिशेबाची वही कोणालाही केव्हाही पाहता येईल.

आपली नम्र,
चिटणीस, समुपदेशन केंद्र समिती

ता. क. – हे वाचणाऱ्या कोणाच्या मनात जीव द्यावा असे येत असेल, तर फॉर्मची, पाळीची, निधीची वाट पाहू नका. एकटे राहू नका. घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला आत्ताच सांगा आणि त्याला घेऊन जवळच्या रुग्णालयात जा. नंतर केंद्रात या. फीचे आम्ही बघू.