आईची डबी बदलायची आहे

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, पत्र मोठ्याने वाचा, पण आधी आईला ओट्यापासून उठवून खुर्चीत बसवा. फोनवर हा विषय काढला की ती "तू जेवलीस का" म्हणते आणि तुम्ही फोन तिच्या हातात कोंबून अंगणात जाता. म्हणून लिहितेय.

आईच्या पेसमेकरची डबी बदलायची तारीख घेतली आहे. 16 तारखेला, मंगळवारी, इथे पुण्यात. तुम्हाला न विचारता घेतली, चुकलं म्हणा हवं तर. मिरजेला का नाही, हे विचारणारच तुम्ही. मिरजेच्या डॉक्टरांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण टाके दाखवायला तासगावहून पुन्हा जा-ये, पावसाचे दिवस, तुमचा गुडघा. इथे लिफ्ट आहे. दवाखाना रिक्षाने दहा मिनिटांवर. शिवाय मला आठ दिवस रजा मिळाली आहे. खरं सांगू, ही सगळी कारणं मी नंतर जमवली. 2015 साली पहिली डबी बसवली, मी बंगळूरहून धावत पोचले तेव्हा आई वॉर्डात बसून बशीतून चहा पीत होती आणि मला म्हणाली, "उगाच आलीस गं एवढ्या लांबून." या वेळी दाराबाहेर मला बसायचंय.

बाबा, तुम्ही "घड्याळाचा सेल बदलण्यासारखं" म्हणता, तसं ते नाही. ती टायटॅनियमची पक्की बंद डबी असते, आतला सेल वेगळा काढता येत नाही. त्यामुळे अख्खी डबी नवी. हृदयात गेलेल्या तारा मात्र त्याच राहतात. जुन्या डबीपासून सोडवून तपासतात आणि ठीक असल्या की नवीला जोडतात. जुन्याच व्रणाच्या जागी उघडतात. साधारण तासाभराचं काम.

आई, तू मागे हळूच विचारलं होतंस, "मधल्या वेळात माझं काळीज कोण चालवणार?" मी हसण्यावारी नेलं, पण रात्री झोप लागली नाही. तुझे बरेचसे ठोके डबीच देते, मग मी डॉक्टरांना तेच विचारलं. ते म्हणाले, तार एका डबीतून काढून दुसरीत बसवायला काही क्षण लागतात आणि तेवढ्यासाठीही बाहेरून ठोके द्यायची सोय तयार ठेवतात. गरज वाटली तर जांघेतून तात्पुरती तार घालतात.

पूर्ण भूल नाही. सुई टोचताना चुणचुणेल, नंतर ओढल्या-दाबल्यासारखं वाटेल. तोंडावर कापड असेल, माणसं बोलताना ऐकू येतील. दुखलं तर सांगायचं. माझ्या बाळंतपणात तूच नर्सला दरडावलं होतंस ना, तसं. तुझी दोन बोटं खांद्याखाली त्या डबीवर जातात, पदर सावरल्यासारखं करून. आम्हाला कळत नाही असं समजू नकोस.

अजून थांबावं असं बाबांचं मत आहे, माहीत आहे. पण बदलायची खूण यंत्राने दाखवली की साधारण तीन महिने हाताशी असतात आणि त्यातला एक आपण "बघू, बघू"मध्ये घालवला. बाबा, तुमच्या कात्रणवहीसाठी एक देते: 1958 साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन नावाच्या माणसाला जगातला पहिला पेसमेकर शरीराच्या आत बसवला. तो काही तासांत बंद पडला! पण पुढे आयुष्यभरात त्यांना 26 बसवले आणि ते 86 वर्षांचे होऊन गेले. आपली तर दुसरीच.

आता ऐका. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टर सांगतील तसं. देव्हाऱ्यात अंगाऱ्याच्या डबीखाली ठेवलेलं कार्ड आणायचं, जुन्या तारांची माहिती त्यावर आहे. मंगळसूत्र काढावं लागेल, आई. ते बाबांच्या शर्टाच्या खिशात राहील, लॉकरमध्ये नाही.

जखमेवर हळद-तूप नाही. म्हणजे नाहीच. तीच जागा पुन्हा उघडतात म्हणून जंतुसंसर्गाची भीती पहिल्या वेळेपेक्षा थोडी जास्त असते. सूज, लाली, ओल, ताप, काहीही दिसलं तर "उद्या बघू" न म्हणता मला उठवायचं. मागच्यासारखं दीड महिना हात बांधल्यागत राहावं लागणार नाही, कारण तारा आता रुजल्या आहेत. पण जखम भरेपर्यंत बादली उचलायची नाही. आणि मोबाइल पोलक्यात ठेवणं बंद! डबीपासून वीतभर लांब.

इकडची काळजी नको. पुढची खोली तुमची, पलंग बुटका करून घेतला आहे, संडास कमोडचा. इंडक्शनच्या शेगडीपासून डबी दोन फूट तरी लांब ठेवावी म्हणतात, मी ती माळ्यावर टाकली, स्वयंपाक गॅसवरच. गवती चहा गॅलरीत लावलाय. गणपतीच्या रथाला तासगावात पोचवते, शब्द देते.

तुमची,
चिमी

ता. क. लोणचं आणू नका. आणलंतच, तर बरणी बाबांनी उचलायची.