खुर्चीला एक पावसाळा काढू द्या

डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी काथ्याचे दिवे, बांबूच्या खुर्च्या केल्या की कौतुक होते, व्हायलाच हवे. पण कोकणातल्या पावसाळ्यात त्यांचे काय होते, हे कोणी तपासते का? बांबूत पिष्ट असते, म्हणून त्याला भुंगा लागतो. बोरिक आम्ल-बोरॅक्सच्या कीडरोधक द्रावणात मुरवला नाही, तर खुर्चीखाली भुसा सांडू लागतो. खाऱ्या हवेत साधे स्क्रू गंजतात, ते वेगळेच. आपला कोकणातला माणगा जातीचा बांबू जवळजवळ भरीव, बिनकाट्यांचा, फर्निचरला उत्तम. २०१७ च्या वन कायद्यातील दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळल्याने तोडणीचा जाचही कमी झाला. तेव्हा नमुने मालवणातल्या एखाद्या पडवीत पावसाळाभर ठेवावेत, गुण नंतर द्यावेत. आणि परीक्षक म्हणून सावंतवाडीचे चितारी, म्हणजे लाकडी खेळणी-वस्तू घडवून रंगवणारे कारागीरही बोलवावेत.

– एक वाचक, कुडाळ