वॉशिंग्टन हे परटांचे गाव नव्हे

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतले आडनावांचे सदर वाचले. 'वॉशिंग' म्हणजे धुणे, 'टन' म्हणजे टाउन, सबब वॉशिंग्टन हे परटांचे गाव, असे आपण बिनदिक्कत छापले आहे. हे साफ चूक आहे.

मूळ वॉशिंग्टन अमेरिकेत नाही. ते ईशान्य इंग्लंडमध्ये, संडरलंडजवळ आहे. ह्वासा नावाच्या कुणा माणसाची वाडी, एवढाच त्याचा अर्थ. टाउन ज्यातून आला तो जुना 'टून' शब्द त्यात आहे खरा, पण धुण्याचा संबंध नाही. डरहॅमच्या बिशपने ११८३ साली आपल्या जमिनींची नोंद करून घेतली, तिला बोल्डन बुक म्हणतात. विल्यम दे हर्टबर्न याने आपले हर्टबर्न गाव देऊन बदल्यात हे गाव घेतल्याचे त्यात लिहिले आहे. गाव बदलले तसे आडनावही बदलले. तो विल्यम दे वेसिंग्टन झाला. त्यातला 'दे' म्हणजे आपला 'कर'च. याच घराण्यातला जॉन १६५६ मध्ये व्हर्जिनियात गेला आणि जॉर्ज वॉशिंग्टन हा त्याचा पणतू.

मला एवढा राग का यावा? माझे आडनाव जेवळीकर. आजोबा लोहारा तालुक्यातल्या जेवळीहून सोलापूरला गिरणीत कामाला आले. पाचवीत असताना मधली सुट्टी संपली की आमचे गुरुजी रोज विचारायचे, "काय जेवळीकर, जेवलास का?" सगळा वर्ग हसायचा. जेवळी हे आमचे गाव आहे, हे सांगायची माझी छाती झाली नाही. घरी वडिलांना सांगितले, तर ते नुसते गप्प बसले. कचेरीत त्यांनाही रोज हेच ऐकावे लागत होते, हे मला फार उशिरा कळले. गावाच्या नावाला कानाला वाटेल तो अर्थ चिकटवायचा आणि त्यावर हसायचे, यात कुणाला गंमत वाटत असेल, मला वाटत नाही.

त्याच पानावर इंग्लंडमधल्या दोन ठिकाणांची नावे 'वॉरविक' आणि 'ग्रीनविच' अशी छापली आहेत. तिथले लोक वॉरिक आणि ग्रेनिच म्हणतात. छापण्याआधी कुणी वाचत नाही का?

दुरुस्ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नको. ती याच सदरात, याच जागी यावी, ही विनंती.

आपला,
जेवळीकर, सोलापूर