व्हॅक्सिन डेपोवर एक तास घ्या

संपादक महोदय,

टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोवर आम्ही मंडळी रोज पहाटे फिरायला जातो. परवा अकरावी सायन्सच्या नातीने विचारलं, "आजोबा, इथं व्हॅक्सिन कसलं?" देवीच्या रोगावरचं, म्हटलं, आणि दंडावरचा वण दाखवला. तिच्या पुस्तकात ही लस शोधणारा जेन्नर आणि १७९६ एवढंच आहे.

खरी गोष्ट तर पुढे आहे. १८०२ मध्ये मुंबईत तीन वर्षांच्या मुलीला पहिली लस टोचली. तेव्हा एका पोराच्या दंडावरच्या फोडातला स्राव दुसऱ्याला टोचत. साहजिकच 'कुणाच्या जातीचा?' हा प्रश्न आला. पुढे वासराच्या कातडीवर लस वाढवू लागले, तर गाईला इजा होते म्हणून कुरकुर. शिवाय रोग म्हणजे देवीचा कोप, त्याला अडवायचं कसं? आमची आजी टोचण्याला शेवटपर्यंत 'देवी काढणं'च म्हणायची. १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं.

पेशीच्या आकृत्या काढून घेता, ठीक आहे. बेळगावच्या कॉलेजांनी, मराठी असोत वा कन्नड, वर्षातून एक तास तरी मुलांना डेपोच्या झाडांखाली बसवून हे सांगावं. बसभाडंसुद्धा लागणार नाही.

— एक निवृत्त शिक्षक, टिळकवाडी, बेळगाव