बॅच बदलली की ‘अचूकता’ कुठे जाते?

महोदय,

मशीन लर्निंगमुळे छापील पॉलिमर सेन्सर झपाट्याने तयार होतील, असे हल्ली वारंवार वाचायला मिळते. होतीलही, पण बातमीतला अचूकतेचा टक्का मोजला कसा, हे कुणी विचारत नाही.

सर्रास चालते ते असे : पीईटी प्लास्टिकच्या शीटवर पेडॉट-पीएसएस या वीजवाहक पॉलिमरच्या शाईने ताण मोजणारे दहा-बारा सेन्सर छापायचे, अशा काही शीट झाल्या की सगळी मोजमापे एकत्र पिसायची, ८० टक्के मॉडेलला शिकवायची आणि उरलेल्या २० टक्क्यांवर परीक्षा घ्यायची. घोळ इथेच होतो. एका शीटवरच्या सेन्सरांची शाई, भट्टी, त्या दिवशीची हवा, सगळे एकच. त्यांतले काही शिकवणीत आणि काही परीक्षेत आले, की मॉडेल शीट ओळखून उत्तर देते आणि नवी बॅच, म्हणजे दुसऱ्या वेळी छापलेल्या शीट, समोर आली की गडबडते. विभागणी बॅचनिहाय करावी, एक अख्खी बॅच मॉडेलपासून लपवून ठेवावी. टक्का घसरेल, पण तो खरा असेल.

शाईतले पीएसएस हवेतले पाणी शोषून फुगते आणि सेन्सरचा विद्युत रोध बदलतो. पुण्यात एप्रिलच्या कोरड्या दुपारी जमवलेल्या डेटावर शिकलेले मॉडेल जुलैत ताणाऐवजी ओलावाच मोजत बसते. दर मोजमापासोबत तापमान आणि आर्द्रता नोंदवायला काही शे रुपयांचा सेन्सर पुरतो.

ॲक्च्युएटरचे, म्हणजे वीज दिली की हलणाऱ्या भागाचे, प्रकरण अधिक नाजूक. पीव्हीडीएफ-टीआरएफई या पॉलिमरची फिल्म छापून साधारण १३५ ते १४० अंश सेल्सिअसला तापवतात, मग पोलिंग करतात, म्हणजे जोरदार विद्युत क्षेत्र लावून तिच्यातले विद्युत-द्विध्रुव एका दिशेला वळवतात : दर मायक्रॉनला ५० व्होल्टहून जास्त, म्हणजे ५ मायक्रॉनच्या फिल्मला २५० व्होल्टच्या वर. सूक्ष्म छिद्र किंवा धुळीचा कण राहिला असेल तर फिल्म तिथेच जळते. जळालेले नमुने कचऱ्यात जातात, नोंदवहीत जात नाहीत. त्यामुळे मॉडेलच्या लेखी फिल्म जितकी पातळ तितकी चांगली, कारण तेवढ्याच व्होल्टेजला ती जास्त हलते. जळालेल्या फिल्म मॉडेलने पाहिलेल्याच नसतात. यासाठी मॉडेल दोन हवीत : नमुना पोलिंगमध्ये टिकेल का, आणि टिकला तर किती हलेल.

उलट, इंकजेटच्या नोझलमधून थेंब नीट सुटेल का, हे सांगायला मॉडेल लागतच नाही. घनता, पृष्ठताण आणि नोझलचा व्यास यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून शाईच्या स्निग्धतेने (व्हिस्कॉसिटीने) भागावे (सगळी एकके एसआय). उत्तर साधारण १ ते १० यांच्यामध्ये हवे. कमी आले तर थेंब सुटत नाही, जास्त आले तर मागे बारीक थेंब उडून रेषा खराब होते. या कसोटीवर नापास झालेल्या शाया आधीच बाद कराव्यात. शाईतल्या डीएमएसओ या द्रावकाचे प्रमाण, थेंबांमधले अंतर आणि तापवण्याचा वेळ एवढेच गाउसियन प्रोसेस या थोड्या डेटावरही चालणाऱ्या सांख्यिकी पद्धतीवर सोपवावे. २०-२५ प्रयोगांवर भरपूर डेटा मागणारे न्यूरल नेटवर्क चालवणे ही निव्वळ हौस.

अशा प्रकल्पांना निधी देणाऱ्यांनी, आणि बातमी छापताना आपणही, दोन गोष्टी विचाराव्यात : परीक्षा न पाहिलेल्या बॅचवर झाली का, आणि बाद नमुने किती?

— छापील इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करणारे काही अभियंते, पुणे