लिनक्स निवडण्याआधी : दुरुस्ती कोण करणार?

मा. संपादक,
स. न.

विंडोज १० चा आधार संपल्यावर जुन्या संगणकांचे काय करायचे, यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. विंडोजऐवजी संगणकावर बसवता येणाऱ्या लिनक्सची शिफारस मराठी दैनिकात एवढ्या ठळकपणे छापून आली याचा मनापासून आनंद झाला. एका गोष्टीवर मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. लेखात मिंट, उबंटू, डेबियन, आर्च, जेंटू ही लिनक्सच्या डिस्ट्रोंची, म्हणजे तिच्या वेगवेगळ्या तयार संचांची, नावे एका रांगेत देऊन 'ज्याला डेस्कटॉप हवा तसा सजवायचा आहे त्याने आर्चसारखी किमान डिस्ट्रो घ्यावी' असा सल्ला दिला आहे. कराडमध्ये माझे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. शिकवणीचे मास्तर, वकिलांचे कारकून, पतसंस्थेतले कर्मचारी, लग्नपत्रिका लावणारे डीटीपीवाले आणि अभियांत्रिकीची मुले ही माझी रोजची गिऱ्हाइके. त्यांच्याकडे बघून सांगतो, हा सल्ला बहुतेकांना महागात पडेल.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट थांबवली. वाढीव मुदतीसाठी नाव नोंदवलेल्या घरगुती वापरकर्त्यांनाही ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मिळतील. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे चौथ्या, सहाव्या पिढीचे आय-थ्री, आय-फाइव्ह ठणठणीत चालत असूनही यादीबाहेर गेले. असे सीपीयू माझ्याकडे रोज येतात. 'विंडोज राहू दे, लिनक्स मारून द्या' असे लोक आता आपणहून म्हणतात. पूर्वी हे शब्द ऐकायला मिळत नसत, त्यामुळे आत्ता त्यांना दिलेला सल्ला चुकला तर ती माणसे परत लिनक्सकडे फिरकणार नाहीत, याची मला काळजी वाटते.

तरुण गिऱ्हाईक बहुधा मोबाइलवर एक चित्र दाखवते. गडद पार्श्वभूमी, खाली टास्कबार नाही, खिडक्या आपोआप शेजारी शेजारी बसलेल्या, वर बारीक पट्टीत घड्याळ आणि बॅटरी. आय-थ्री (इंटेलचा प्रोसेसर नव्हे, त्याच नावाचा खिडक्या मांडणारा प्रोग्राम) किंवा तसल्याच हायपरलँडवर केलेले हे काम असते आणि ते खरोखर देखणे असते. त्यामागे कुणीतरी रात्री जागवलेल्या असतात. होम फोल्डरमध्ये कंट्रोल-एच दाबले की डॉट कॉन्फिग नावाचा लपलेला फोल्डर दिसतो. त्यातल्या साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये खिडकीच्या कडेची जाडी, दोन खिडक्यांमधली फट, कोणत्या कळीने काय उघडायचे हे सगळे ओळीओळीने लिहिलेले असते. या कामाबद्दल मला आदर आहे. पण ते चित्र उतरवून घेता येते, त्यामागची समज उतरवून घेता येत नाही. दुसऱ्याच्या फाइली आणून टाकल्या आणि महिन्याभराने त्यातली एक ओळ नव्या आवृत्तीला चालेनाशी झाली, की कुठे हात घालायचा हेच कळत नाही.

किमान डिस्ट्रो म्हणजे तुम्ही मागितले तेवढेच देणारी. जड व्हिनेट यांनी २००२ मध्ये आर्च सुरू केली ती याच विचाराने, आणि विचार स्वच्छ आहे. साधी पद्धत वापरली तर बसवणे संपल्यावर काळ्या पडद्यावर फक्त लॉगिन विचारणारी ओळ उभी राहते. आता आर्च-इन्स्टॉल नावाची मदतनीस स्क्रिप्ट येते, डेस्कटॉपसुद्धा त्यातूनच निवडता येतो, म्हणून 'आता आर्च सोपी झाली' असे मुले सांगतात. बसवणे सोपे झाले हे खरे. बसवल्यानंतरचे दिवस सोपे झालेले नाहीत.

मराठी माणसाला तर पहिल्याच दिवशी ठेच लागते. ब्राउझर उघडून आपल्याच दैनिकाची वेबसाइट लावली आणि पुरेसे फाँट बसवलेले नसले, तर मथळ्यांच्या जागी रिकाम्या चौकोनांच्या रांगा दिसतात. देवनागरी फाँट कुणी मागितला नाही, म्हणून आला नाही. नोटो या फाँटचे पॅकेज टाकले की चौकोन जातात, पण चौकोन दिसण्याचे कारण फाँट आहे हे नवख्याला कोण सांगणार? पुढची अडचण टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करून देण्याच्या खिडकीची. हलके म्हणून नावाजलेल्या कितीतरी टर्मिनलांत देवनागरी नीट जुळत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षर फुटून हलन्त वेगळा दिसतो. केडीई या डेस्कटॉपच्या कॉन्सोल नावाच्या टर्मिनलमध्ये तेच नाव पुष्कळ बरे दिसते. मराठी नावाच्या फाइली ठेवणाऱ्याला हा फरक रोज डोळ्यांत खुपतो, पण इंग्रजीतल्या परीक्षणांत त्याची ओळही नसते. मिंट किंवा उबंटू बसवले तर देवनागरी पहिल्या मिनिटापासून वाचता येते.

अपडेटचेही तसेच. आर्चमध्ये ठरावीक काळाने येणारी आवृत्ती नसते, नवे सॉफ्टवेअर अखंड येत राहते. डिसेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांचा ५९० मालिकेतला ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) आला आणि त्याने जीटीएक्स १०५०, १०६० या पिढीची कार्डे सोडून दिली. आर्चने ती सूचना आपल्या मुखपृष्ठावर दिली होती आणि जुना ५८० चा ड्रायव्हर कुठून घ्यायचा हेही सांगितले होते. ज्यांनी वाचले त्यांचे काम थोडक्यात झाले. न वाचता अपडेट मारणाऱ्याच्या वाट्याला डेस्कटॉपच न उघडणे येऊ शकत होते. आर्चच्या व्यवस्थापनात खोट नव्हती, कारण वाचण्याची जबाबदारी तुमची हा त्या डिस्ट्रोचा करारच आहे. तो करार आपण करतो आहोत हे गिऱ्हाइकाला आधी माहीत असले पाहिजे.

म्हणून लिनक्स मागायला आलेल्या प्रत्येकाला मी एकच विचारतो : हे बिघडले तर दुरुस्त कोण करणार? वय, शिक्षण, हुशारी यांचा याच्याशी संबंध नाही. आमच्याकडे येणारा पॉलिटेक्निकचा एक विद्यार्थी जुन्या लॅपटॉपवर आर्च उत्तम चालवतो. अपडेटआधी बातम्या वाचतो, काय बदलले ते वहीत लिहून ठेवतो, आर्चचे विकी त्याला तोंडपाठ होत आले आहे. त्याला मी मिंट घे असे कधीही सांगणार नाही. तो जे शिकतो आहे ते वर्गात कुणी शिकवत नाही. त्याच मुलाने मात्र घरातल्या काकांच्या संगणकावर, ज्यावरून ते सोसायटीची पत्रे टाइप करतात, तसेच काही बसवू नये. तो पुण्याला नोकरीला गेला की काकांचा संगणक बंद पडणार, आणि काका म्हणणार लिनक्स वाईट.

आता सजावटीविषयी. किमान डिस्ट्रो घेतल्याशिवाय डेस्कटॉप आपल्या मनासारखा करता येत नाही, हा लेखातला समज मला सर्वांत जास्त खटकला. एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंच्या संगणकावर मिंटची एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेली आवृत्ती बसवली. त्यांना काय हवे होते? अक्षर मोठे, माउसचा बाण मोठा, खालची पट्टी जाड आणि तिच्यावर चारच चित्रे : ब्राउझर, लिब्रेऑफिस रायटर, छायाचित्रांचा फोल्डर, बंद करण्याचे बटण. पट्टीवर राइट क्लिक करून, सेटिंगमधले आकडे वाढवून हे तासाभरात झाले, टर्मिनल उघडावे लागले नाही. मग कीबोर्डच्या सेटिंगमधून इनस्क्रिप्ट ही देवनागरी टायपिंगची मांडणी जोडली. बाईंना 'दुसऱ्या', 'सुट्ट्या' नीट लिहिता येतील का ही शंका होती. शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ दाबली आणि 'ऱ्या'तला 'ऱ्य' पडद्यावर उमटला तेव्हा त्यांनी तो शब्द पुन्हा पुन्हा टाइप करून पाहिला. डेस्कटॉप आपलासा करणे म्हणजे मला हेही वाटते, आणि आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना याचीच गरज आहे.

ज्याला खिडक्या आपोआप मांडणारे ते देखणे वातावरण शिकायचेच आहे त्यालाही वाट आहे. मिंट तशीच ठेवून तिच्यावर आय-थ्री वेगळे बसवता येते. लॉगिनच्या पडद्यावर नावाशेजारच्या छोट्या चिन्हावर क्लिक केले की आज कोणत्या वातावरणात जायचे ते निवडता येते. रविवारी आय-थ्रीत प्रयोग करावेत, सोमवारी कॉलेजची असाइनमेंट नेहमीच्या डेस्कटॉपवर करावी. हायपरलँडसारखी अगदी नवी गोष्ट मिंटवर बसवणे अवघड जाते, त्यासाठी पुढे नवी डिस्ट्रो घ्यावी लागेल, पण तोवर हात बसलेला असेल. प्रयोगाआधी टाइमशिफ्ट या प्रोग्रामने सिस्टिमची प्रत घेऊन ठेवावी. ते मिंटमध्ये आधीपासूनच असते. मात्र नेहमीच्या मांडणीत त्यात आपल्या फाइली येत नाहीत, त्या वेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात. ग्नोम हा डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी एक्स्टेन्शनचे, म्हणजे वरून जोडायच्या सोयींचे, फार थर चढवू नयेत, आवृत्ती बदलली की त्यातली काही बंद पडतात.

'जुना संगणक म्हणजे किमान डिस्ट्रो' हेही समीकरण बरोबर नाही. नुसता डेस्कटॉप हलका केल्याने वाचलेली रॅम ब्राउझरचे चार टॅब खाऊन टाकतात, मग डिस्ट्रो कोणतीही असो. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली आणि रॅम ८ जीबी केली, तर मिंट त्याच मशीनवर सुखाने चालते. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, पण बरे चालायला ४ जीबी हवी असे त्यांचेच म्हणणे आहे. अगदी ३२ बिटची मशीन असतील तर गोष्ट वेगळी. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही त्यांच्यासाठी नवे इन्स्टॉलर देणे थांबवले आहे. तिथे अँटीएक्ससारख्या हलक्या डिस्ट्रोकडे जावेच लागते.

काहींनी लिनक्सकडे वळूच नये, हेही छापले जावे. टॅलीवर ज्याचा धंदा चालतो त्याने निदान एक विंडोजचे मशीन ठेवावे. डीटीपीवाल्यांच्या वर्षानुवर्षांच्या फाइली युनिकोडमध्ये नाहीत. त्या जुन्या फाँटशिवाय उघडल्या तर अगम्य इंग्रजी चिन्हांचा खच दिसतो, आणि पेजमेकर, कोरलड्रॉ लिनक्सवर मिळत नाहीत. झेरॉक्सच्या दुकानांत हमखास दिसणारा एक छोटा लेझर प्रिंटर लिनक्सवर फार छळतो. म्हणून आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसते चालवून बघावे. डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, कॅमेरा तपासता येतात, प्रिंटरवर मराठी मजकुराचे एक पान काढून बघता येते.

आपल्याच देशातले उदाहरण देतो. केरळच्या सरकारी शाळांत 'काइट' या संस्थेने तयार केलेली, उबंटूवर आधारलेली लिनक्स मुले वापरतात. मल्याळम टायपिंग आणि शाळेला लागणारी सॉफ्टवेअर तिच्यात आधीच घातलेली असतात. तिथे शिक्षकांना किमान डिस्ट्रो देऊन 'हवे ते बसवा' असे कुणी सांगितले नाही, म्हणूनच ती वर्गांत टिकली.

संपादक महोदय, पुरवणीत पुन्हा हा विषय घ्याल तेव्हा दहा डिस्ट्रोंची यादी देण्याऐवजी एकच पान द्यावे : पेनड्राइव्ह कसा तयार करायचा, इनस्क्रिप्ट कसे जोडायचे, अक्षर मोठे कसे करायचे, टाइमशिफ्टची प्रत कशी घ्यायची. मिंटची सध्याची २२ मालिका २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट देणार आहे, तेव्हा पान कापून ठेवले तरी वाचकाला बराच काळ पुरेल. मजकूर लागला तर मी लिहून द्यायला तयार आहे, मानधनाची अपेक्षा नाही. आमच्या भागातल्या एखाद्या वाचनालयाने जुने संगणक काढून टाकायचे ठरवले असेल, तर त्याआधी एकदा दुकानात आणावेत. बसवून देण्याचे पैसे घेणार नाही, एसएसडीची किंमत मात्र वाचनालयाने द्यावी.

आपला,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक
कराड, जि. सातारा